कुलूप नसलेलं घर

मंदा, आज आपल्या घराला कुलूप लावलं.

लावलं म्हणजे काय, आधी ते विकत आणावं लागलं. निखिल शाळेत जायला लागला तेव्हापासून आपण जवाहर नगरातल्या या घरात राहतो, आणि शोधायला गेलो तर दाराला लावण्याजोगं कुलूप घरात नाही. माळा पाहिला, तुझ्या शिलाई मशीनचा खण पाहिला, देवघराखालचा डबा पाहिला. ट्रंकेचं एक बारकं कुलूप सापडलं, गंजलेलं, आणि त्याची किल्ली नाही. सगळ्या गल्लीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईच्या घरात स्वतःचं कुलूप नाही, असं कुणाला सांगितलं तर लोक म्हणतील, बायको गेल्यापासून मास्तरांचं डोकं फिरलं. पण कुलूप लागतं ते रिकाम्या घराला. आपलं घर तू रिकामं राहूच दिलं नाहीस.

गाडीत बसून हे लिहितोय. सांगलीला चाललोय, एकटाच. हे वाक्य तुला चिडवायला लिहिलेलं नाही. थोडंसं चिडवायलाही लिहिलंय.

तुझ्या त्या किल्ल्यांच्या फळीवरून मी जन्मभर कटकट केली. आता तू नाहीस म्हणून मी एकदम गोड बोलायला लागलो तर तुलाच ते खोटं वाटेल, तेव्हा आधी कटकट पुरी करतो. व्हरांड्यात, जाळीच्या दाराच्या आत ती फळी. मीच ठोकलेली, हे मान्य. तिच्यावर खिळे, आणि खिळ्याखिळ्याला कुणाच्या ना कुणाच्या घराची किल्ली. ज्या घरात दोघं नोकरीला, ज्या घरातली मुलं आईच्या आधी परततात, ज्या घरची कामवाली मालकिणीच्या आधी येते, ते सगळे सकाळी तुझ्याकडे किल्ली टाकून जायचे. किल्लीवर नाव नाही, नंबर नाही. फक्त एक चिंधी बांधलेली. ज्या घरची किल्ली त्याच घरची चिंधी: कुणाच्या ओढणीची, कुणाच्या चादरीची, माथुरसाहेबांच्या किल्लीला त्यांच्या बायकोच्या लहरिया साडीची, ती जाऊन इतकी वर्षं झाली तरी. मी म्हटलं होतं, मी भूगोल शिकवणारा माणूस आहे, तुला व्यवस्थित नंबर घालून तक्ता करून देतो. तू म्हणालीस, "अहो, चिंधी बघितली की माणूस दिसतं. तुमच्या नंबरात काय दिसणार?"

याची सुरुवात कुठं झाली तेही मला ठाऊक आहे, म्हणून तर मला कधी मनापासून रागावता आलं नाही. लग्नानंतर आपण जयपूरला आलो ते राजा पार्कातल्या एका खोलीत. दाराला ओढलं की लागणारं लॅच, किल्ली एकच आणि ती माझ्या खिशात. तू निखिलला कडेवर घेऊन गाडीवाल्याकडून भाजी घ्यायला दोन पावलं बाहेर आलीस आणि वाऱ्यानं दार लागलं. ज्येष्ठातली दुपार, लू म्हणतात ती तापलेली हवा वाहत होती. तुला हिंदी येत नव्हतं. कुणाला काय म्हणायचं ते कळेना म्हणून तू संध्याकाळपर्यंत जिन्यात उभी राहिलीस. मी आलो तेव्हा तू रडली नाहीस, भांडलीही नाहीस. रात्री निखिलच्या कपाळावर ओलं फडकं ठेवता ठेवता एवढंच म्हणालीस, "दाराबाहेर उभं राहिलं ना, की आपण कुणाचेच नाही असं वाटतं."

पुढे स्वतःचं घर झालं, पहिली किल्ली आली, मग दुसरी. तुझं हिंदी शेवटपर्यंत सांगलीचंच राहिलं. चाबी हा शब्द तू कधी उच्चारला नाहीस. "किल्ली रखके जाव," म्हणायचीस, आणि लोक ठेवून जायचे. आता आपल्या गल्लीत मारवाडी, पंजाबी, सगळी पोरं बिनदिक्कत किल्ली म्हणतात. कुणी किल्ली न्यायला आलं की तू आधी त्याच्या तोंडाकडे बघायचीस आणि मग फळीकडे. "पानी पीके जाव." पाणी प्यायल्याशिवाय किल्ली मिळायची नाही. तेवढ्या पेलाभर पाण्यात तुला कुणाचा पेपर अवघड गेला, कुणाच्या घरी दोन दिवस बोलाचाली बंद आहे, कुणाला ताप चढतोय, सगळं समजायचं. मला वाटायचं तू भोचक आहेस. अजूनही थोडं वाटतं.

पण त्यापायी आपण दोघं या घरात अडकून पडलो, हे तू कधी कबूल केलं नाहीस.

"कुणीतरी घरी हवं." हे तुझं वाक्य. लग्न असो, मयत असो, नाटक असो, आपल्यातलं एक जण जाणार आणि एक जण बेलच्या अंतरावर बसणार. निखिलच्या लग्नाला तेवढं आपण जोडीनं गेलो, तेही शेजारच्या सरिताजींना बँकेतून रजा काढायला लावून आपल्या व्हरांड्यात बसवून, आणि तू मांडवातून त्यांना फोन करत होतीस की हिरव्या चादरीच्या चिंधीची किल्ली जरा जोर लावून फिरवायला सांगा. मी जन्मभर पोरांना नद्या, डोंगर, समुद्रप्रवाह शिकवले आणि स्वतः दुपारी झोपेतून उठून लोकांना किल्ल्या दिल्या. यावर तू हसायचीस. मला हसू येत नव्हतं.

आमेरचंच बघ. सांगलीहून जो पाहुणा येईल त्याला आमेर दाखवायचा, हा नेम. तू तुझ्या माहेरच्यांना घेऊन जायचीस, मी माझ्याकडच्यांना. त्या किल्ल्याची चढण मला पाठ, तुलाही पाठ. तिथल्या आरशांच्या महालाबद्दल आपण स्वयंपाकघरात बसून वाद घातलेत. पण जयपुरात सारा जन्म काढून आपण दोघांनी मिळून आमेर पाहिलेला नाही. हे मी कुणाला सांगत नाही, लाज वाटते.

एकदा निघालो होतो. रविवार होता, कुणाची किल्ली लागायची नाही असं तूच म्हणालीस. ते ट्रंकेचं कुलूप दाराला लावलं, स्कूटर काढली. तू ठेवणीतली साडी नेसली होतीस आणि मागे बसून काहीतरी गुणगुणत होतीस. जलमहालापाशी कुल्फीला थांबलो आणि तुझा फोन वाजला. सरिताजींची रिद्धी, तेव्हा केवढीशी होती, मैत्रिणीच्या वाढदिवसाहून लवकर परतली होती. आईबाप तिच्या आजोबांना बघायला गेलेले. घराला कुलूप, आणि त्यांची किल्ली आपल्या कुलूपबंद घरात. मी म्हणालो, "माथुरसाहेबांकडे बसेल घटकाभर. तासाचा तर प्रश्न आहे." तू हातातली कुल्फी तशीच कागदावर ठेवलीस आणि स्कूटरवर जाऊन बसलीस.

"अहो, ती दाराबाहेर उभी आहे."

"मग बसेल की शेजारी."

"तिला ते सुचायचं नाही. चला."

परतलो. रिद्धी आपल्या पायरीवर बसून चिंचेचे चिंचोके मोजत होती, अगदी मजेत. तिला आपण आल्याचं फारसं कौतुकसुद्धा वाटलं नाही. मी त्यानंतर कितीतरी दिवस तुझ्याशी धड बोललो नाही. हे भांडण आपण मिटवलं नव्हतं, फक्त झाकून ठेवलं होतं. आता तू उत्तर द्यायला नाहीस तर माझी बाजू पुन्हा एकदा सांगतो: ती माथुरांकडे बसली असती. काहीही झालं नसतं. तुझी बाजू काय असेल तेही मला ऐकू येतंय, ते राहू दे.

सांगलीच्या घराचंही तसंच. माझ्या अक्काच्या शेजारी दोन खोल्या घेतल्या, रिटायर झालो की जायचं ठरलं होतं. वास्तुशांतीशिवाय तू तिथं राहणार नव्हतीस, आणि वास्तुशांतीला तर जोडीनं बसावं लागतं. गुरुजींनी मुहूर्त काढून द्यायचा आणि आपण तो मोडायचा. कधी कुणाच्या बारावीची परीक्षा, कधी कुणाचं बाळंतपण. तू इरकल काढून ठेवायचीस, परत घडी घालून ठेवायचीस. मी एकदा वैतागून विचारलं, "या लोकांचं तुला एवढं काय आहे गं?" तू मटार सोलत होतीस, हात न थांबवता म्हणालीस, "किल्ली ठेवून जातो तो माणूस परत येणार असतो. मला ते बरं वाटतं." मी म्हटलं, आणि आपण कधी जाणार? तर म्हणालीस, जाऊ हो.

आता ज्याबद्दल लिहायला मी ही वही उघडली आणि इतका वेळ इकडचं तिकडचं सांगत बसलो, ते.

त्या दिवशी हॉस्पिटलात तू बरी होतीस. निदान मला तसं वाटलं. डॉक्टर दोन शब्द बरे बोलून गेले होते, तू पेजेचे चार चमचे घेतले होतेस. मग तू खिडकीकडे पाहिलंस. उन्हावरून तुला वेळ कळायची.

"तीन वाजून गेले. चारला रिद्धी क्लासवरून येईल. जा तुम्ही."

मी म्हणालो, आज राहू दे. गल्लीतल्या सगळ्यांना ठाऊक आहे तू इथं आहेस. किल्ल्या माथुरांकडे देऊ या थोडे दिवस.

"त्यांना बेल ऐकू येत नाही. सरिताजी बँकेत, रिद्धीचे वडील कोट्याला नोकरीला. पोरगी कुठं जाईल?"

"उभी राहील थोडा वेळ. आता लहान नाही ती."

तू माझ्याकडे शाळकरी पोराकडे बघावं तसं बघितलंस. "असं बोलू नये," म्हणालीस. माझ्या शर्टाच्या बाहीवर पेजेचा डाग पडला होता, तो तू तुझ्या पदराच्या टोकानं पुसलास. "जा. आणि तिला पाणी द्या आधी."

मी गेलो. चारची बेल वाजली. मी रिद्धीला पाणी दिलं आणि तिच्या लाल ओढणीच्या चिंधीची किल्ली काढून हातात ठेवली. "आंटीजी कैसी हैं?" तिनं विचारलं. मी म्हटलं, ठीक हैं, दो दिन में घर. ती पेला परत करत होती तेवढ्यात माझा फोन वाजला. मी फोनवर काय ऐकलं ते तिनं माझ्या तोंडावरून ओळखलं असावं. पेला तिच्या हातातच होता.

मंदा, तू मला का पाठवलंस? तुला कळलं होतं म्हणून पाठवलंस, की कळलं नव्हतं म्हणून? निखिल म्हणतो असले प्रश्न विचारू नका, बाबा, त्रास होतो. मग मी काय विचारू? सारा जन्म आपल्यातलं एक जण घरी थांबलं, आणि ज्या दिवशी दोघांनी एका जागी असायला हवं होतं त्या दिवशीही मी किल्ली देत उभा होतो. मला तुझा राग आला. तू गेलीस म्हणून नव्हे, पाठवलंस म्हणून. आणि रिद्धीचाही आला. त्या पोरीनं काय केलं होतं, पण आला.

त्या दिवसानंतर चारची बेल वाजली नाही. आधी मला वाटलं, सुतकाचं घर म्हणून येत नसेल. मग एक दिवस गॅलरीतून दिसली. किल्ली दोरीत ओवून गळ्यात घातलेली. आपल्या फाटकापाशी आली की पावलं भराभर पडायची आणि मान दुसरीकडे. सरिताजींनी परत आणून लावलेली त्यांची किल्ली आपल्या खिळ्यावर तशीच लटकत होती, तिनं दुसरी करून घेतली होती. तिला हाक मारावी असं रोज वाटायचं. चार वाजता मी जाळीच्या आत खुर्ची टाकून बसायचो आणि ती गेली की उठायचो. हाक काही मारली नाही.

तेराव्यानंतर अक्कानं घर धुवायला काढलं. तुझी नणंद तुला माहीतच आहे. "सुतक फिटलं की घरातली चिंधी न् चिंधी धुवायची असते," म्हणाली, "तेवढं तरी तिचं यथासांग होऊ दे." पडदे धुतले, गाद्यांचे अभ्रे धुतले, आणि मी बाजारातून परत आलो तर गच्चीतल्या दोरीवर तुझ्या सगळ्या चिंध्या ओळीनं वाळत घातलेल्या. खाली ताटात किल्ल्यांचा ढीग, चिंचेनं घासून लख्ख केलेल्या. एकीवर खूण नाही. अक्का बिचारी रडत रडत घासत होती.

खरं सांगू का, पहिल्यांदा मला सुटल्यासारखं वाटलं. आता कुठली किल्ली कुणाची हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणजे लोकांना बोलावून, ज्याची त्याला ओळखून न्यायला सांगून मोकळं होता येईल. निखिल फोनवर रोज म्हणत होता, आता तिथं काय ठेवलंय तुमचं, सांगलीला जा, अक्काआत्या आहे, मी येऊन घर विकायचं बघतो. वास्तुशांतीला तो आणि आपली सून रेवा बसतील म्हणे. मी सगळ्यांना निरोप दिला: रविवारी या, आपापली किल्ली घेऊन जा.

आले सगळे. गच्चीत ऊन होतं. कुणी तिळाची गजक आणली, कुणी थर्मासात चहा. मी ताट मधे ठेवलं आणि सांगितलं की मंदाआंटी गेल्या, आता हे काम माझ्यानं होणार नाही. कुणी ऐकलंच नाही असं वाटलं. त्यांचं लक्ष दोरीकडे. माथुरसाहेब सरळ उठले आणि दोरीवरून लहरियाची चिंधी काढून हातात धरून बसले. एकेक जण आपली चिंधी ओळखत गेला. ही माझ्या सासूबाईंची चादर, ही बबलूची फाटलेली शाळेची टाय. मग ताटातली किल्ली घेऊन घरी जायचं, लावून बघायची, चुकली तर परत यायचं. दुपारभर जिन्यात ये-जा, हसणं, मधेच कुणाचे तरी डोळे भरून येणं. मला वाटलं, आता घेऊन जातील.

तर काय, ज्यानं त्यानं आपली चिंधी किल्लीला बांधली आणि खाली जाऊन फळीवरच्या आपापल्या खिळ्याला लावली.

"अंकलजी, यहीं रहने दीजिए ना," सरिताजी म्हणाल्या. "आप हो तो सही." रिद्धीचं विचारलं तर म्हणाल्या, "वो आजकल अपनी साथ रखती है. पता नहीं क्या हो गया है उसे." त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी सांगितलं नाही. मी कायमचा चाललोय हेही त्यांच्यासमोर तोंडातून निघेना. म्हटलं, थोड्या दिवसांसाठी सांगलीला जातोय. तेव्हा माथुरसाहेब मोठ्यानं म्हणाले, बहिरी माणसं बोलतात तसं, "तब तक ये चाबियों की पटिया मेरे यहाँ लगवा दो. मैं तो घर पे ही पड़ा रहता हूँ. कोई घंटी तो बजाएगा." दुसऱ्याच दिवशी त्यांनी अशी बेल बसवून घेतली की ती वाजली की सगळ्या गल्लीला दचकायला होतं. म्हणजे हे इतकं सोपं होतं, मंदा. हे मी तुला आधीपासून सांगत होतो. तू मात्र त्यांना कमी ऐकू येतं म्हणत बसलीस.

सगळे गेल्यावर ताटात एक किल्ली उरली आणि दोरीवर एक चिंधी. कुणाचीच नव्हती. चिंधी हिरव्या इरकलीच्या काठाची. किल्ली हातात घेऊन पाहिली. सांगलीच्या घराची. ती तू कपाटात ठेवली असशील असं मी समजत होतो. तू ती फळीवर सगळ्यांबरोबर लावून ठेवली होतीस, कुणीतरी परत येणार आहे आणि तोवर सांभाळायची आहे, तशी. मी रोज त्या फळीसमोरून जात होतो आणि माझीच किल्ली ओळखत नव्हतो. म्हणजे तू विसरली नव्हतीस. जाऊ हो, म्हणत होतीस ते टाळायला नव्हे. हे मला तू सांगायला हवं होतंस. सांगितलं असतंस तर मी थोडी कटकट कमी केली असती.

कुलूप घ्यायला राजा पार्कात गेलो. आपल्या त्या जुन्या खोलीच्या गल्लीच्या तोंडावर हार्डवेअरचं दुकान आहे. दुकानदारानं विचारलं, "कितने दिन बंद रखना है घर? दो-चार दिन का हो तो हल्का ले लो. लंबा जाना हो तो ये." तो वाट बघत होता. मागे गिऱ्हाइकं उभी होती. शेवटी मी मधलं उचललं.

आज दुपारी बॅग भरली, देवासमोर दिवा लावला, गॅस बंद केला, दोनदा बघितला. दार ओढून कुलूप लावलं आणि पायरीवर उभा राहिलो. तो आमेरचा रविवार सोडला तर त्या दारासमोर, बाहेरच्या बाजूनं, बंद कुलपाकडे तोंड करून मी कधी उभा राहिलो नव्हतो. तू त्या दिवशी जिन्यात उभी होतीस ना, ते मला आज कळलं. इतक्या उशिरा.

किल्ली माथुरांच्या फळीवर द्यायची ठरली होती. निखिल आला की तिथून घेईल. पण मी माथुरांकडे वळलो नाही. चार वाजले होते. मी सरिताजींची बेल वाजवली.

रिद्धीनं दार उघडलं. मला पाहून तिचा चेहरा उतरला, हात गळ्यातल्या दोरीकडे गेला. माझं हिंदी तुझ्याहून बरं आहे असा माझा समज होता, आज तेही धड फुटेना. मी म्हणालो, "बेटा, उस दिन मुझे आंटीजी ने भेजा था. उन्होंने कहा, रिद्धी आएगी, जाओ. उनका मन था. तेरी वजह से कुछ नहीं हुआ."

तिनं गळ्यातली दोरी बोटाला गुंडाळली. मग म्हणाली, "मैं किसी और के यहाँ भी बैठ सकती थी, अंकलजी." अगदी माझंच वाक्य. जलमहालापाशी मी तुला म्हटलेलं. आणि मंदा, मला काय झालं कुणास ठाऊक, मी तुझं उत्तर दिलं. म्हटलं, "नहीं. दरवाज़े के बाहर नहीं खड़ा रहना." तेव्हा ती रडली. मीही.

मग मी किल्ली पुढे केली. नवी, झगझगीत. तिनं ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि विचारलं, "इसका कपड़ा?" चिंधीशिवाय किल्ली ठेवून घ्यायची नाही, हे तिलाही तुझ्यासारखंच पक्कं ठाऊक. माझ्याजवळ कापड कुठलं? खिशात सांगलीची किल्ली होती. तिची इरकलीची चिंधी सोडली आणि या किल्लीला बांधली. गाठ मला नीट बसेना, ती तिनंच बसवली.

"कब लौटेंगे?"

सगळ्यांना द्यायचं उत्तर मी तयार ठेवलं होतं: देखते हैं. ते ओठांवर आलंही होतं. निखिलला शब्द दिलाय, घराला गिऱ्हाईक बघणं चाललंय, अक्का वाट बघतेय. आणि ती पोरगी किल्ली हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होती, तू बघायचीस तशी, आधी तोंडाकडे.

"पूजा हो जाए," मी म्हणालो. "होली से पहले."

हे मी बोललो आणि आतून मला पुन्हा कडी लागल्यासारखं झालं. तुझ्या मनासारखं झालं एकदाचं. निखिलला आता काय सांगायचं ते तूच सुचव. वास्तुशांतीला मी तुझी इरकल घेऊन बसणार आहे, निखिल आणि रेवा मागे बसतील, गुरुजींना काय म्हणायचं ते म्हणू दे. आणि होळीच्या आधी परत येऊन तुला न घेता, पण तुझ्या वाटणीचाही, आमेर बघणार आहे. रिद्धी येईल म्हणाली तर तिला घेऊन. घरी कुणी नसलं तरी चालेल, ही माझी बाजू मी अजून सोडलेली नाही.

बाहेर रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. गाडी चुकेल म्हणून मी वळलो, तर ती म्हणाली, "रुकिए." आत गेली. तुझी किल्ली तिनं त्यांच्या देवघराच्या खिळ्याला लावली, आणि येताना माठातलं पाणी घेऊन आली.

"पानी पीके जाव," म्हणाली. अगदी असंच, जाव.

मी दाराच्या आत पाऊल टाकलं आणि पाणी प्यालो.